पर्वतीच्या पायऱ्या : हक्काने चढा, नवसाने नव्हे



गेल्या श्रावणात पुण्यातील एका नवदीक्षित कुटुंबात मोठा वाद माजला. कुटुंब पर्वतीच्या टेकडीच्या उतारावरील वस्तीत राहणारे. दोन वर्षांपूर्वी घरातील लहानथोर सर्वांनी त्रिशरण, पंचशील आणि बावीस प्रतिज्ञा घेऊन बुद्धधम्म स्वीकारला. देव्हाऱ्यातील टाक आणि तसबिरी निघाल्या, त्या जागी भगवान बुद्ध आणि पूज्य बाबासाहेब यांच्या प्रतिमा आल्या. परंतु दीक्षेच्या काही महिने आधी नातवाला विषमज्वर झाला होता आणि त्या वेळी घरच्या आजींनी पर्वतीच्या महादेवाला नवस बोलून ठेवला होता. पोर उठून बसले की श्रावणी सोमवारी पायऱ्या चढून येईन आणि नारळ वाढवीन, असा तो नवस. पोर उठून बसले ते सरकारी इस्पितळातील औषधाने. पुढे दीक्षा झाली आणि नवस तसाच राहिला. यंदा आषाढात त्याच मुलाला पुन्हा ताप भरला, तेव्हा शेजारच्या एका बाईने आजींच्या कानात सांगितले, "फेडला नाहीत ना! देव धर्म बदलल्याचा राग असाच काढतो."

झाले. आजींनी अन्न टाकले. मुलाचे वडील चळवळीतले, तडफेचे. त्यांनी बजावले की पर्वतीच्या बाजूला पाऊल टाकाल तर ह्या घरात बाबासाहेबांचे नाव घेऊ नका. एका रविवारी विहारात वंदना आटोपल्यावर मायलेक माझ्यापुढे येऊन बसले. आजी म्हणाल्या, "वकीलसाहेब, तुम्ही कायदा शिकलात. सांगा, शब्द दिलेला मोडावा काय?" चिरंजीव म्हणाले, "सर, ह्यांना एवढेच सांगा की त्या डोंगरावर आपल्या माणसाने जाऊ नये."

मी दोघांनाही सांगितले की तुमचे दोघांचेही म्हणणे मला मान्य नाही. आपण सर्वांनी मिळून पर्वतीवर जावे, नारळ मात्र घरी ठेवावा. ह्या निकालाची कारणे त्या दिवशी थोडक्यात सांगितली होती. आज ती विस्ताराने मांडतो, कारण असा वाद एकाच घरातला नाही.

आधी ही टेकडी कोणाची, ते पाहू. पर्वतीवरील देवदेवेश्वराचे मंदिर बाळाजी बाजीराव ऊर्फ नानासाहेब पेशव्यांनी १७४९ साली बांधविले. त्यांच्या मातोश्री काशीबाई यांच्या पायाचे दुखणे येथील देवीला नवस केल्याने बरे झाले म्हणून हे देवालय उभे राहिले, अशी कथा सांगतात. म्हणजे आमच्या आजींनी बोललेला नवस ह्या टेकडीला नवा नव्हे. देवालयच मुळी नवसाचे! फरक एवढाच की पेशव्याने नवस फेडला तो राज्याच्या खजिन्यातून आणि आजी फेडणार त्या धुण्याभांड्याच्या पैशातून.

ज्या राज्याने हे शिखर उभारले त्या राज्याच्या राजधानीत अस्पृश्याची स्थिती काय होती, ते बाबासाहेबांनी १९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी लिहिलेल्या, पण करू न दिलेल्या भाषणात नोंदविले आहे. पुण्यात अस्पृश्याने कमरेला झाडू बांधावा, म्हणजे त्याच्या पावलाने विटाळलेली धूळ मागच्या मागे झाडली जाईल. गळ्यात मडके अडकवावे, म्हणजे त्याची थुंकी जमिनीवर पडणार नाही. त्याच काळात पर्वतीच्या पायथ्याच्या रमण्यात श्रावणमासी ब्राह्मणांना दक्षिणा वाटली जाई आणि ती घेण्यास दूरदूरच्या प्रांतांतून लोक येत. एकाच शहरात एकाच्या ओंजळीत दक्षिणा आणि दुसऱ्याच्या गळ्यात मडके. हा इतिहास मनात राग पेटविण्यासाठी सांगत नाही. पायऱ्या चढताना आपण कशावर पाय ठेवीत आहो, हे ठाऊक असावे म्हणून सांगतो.

आता देवाच्या कोपाचा आणि कृपेचा प्रश्न. ह्या बाबतीत टेकडीचीच साक्ष काढावी. देवदेवेश्वराची सेवा नानासाहेब पेशव्यांहून अधिक कोणी केली? परंतु १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर त्यांचा पुत्र विश्वासराव आणि चुलतबंधू सदाशिवराव पडले, आणि त्या दुःखात खंगून ते स्वतः त्याच वर्षी जूनमध्ये ह्याच पर्वतीवर वारले. पुढे ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीची लढाई झाली, तेव्हा दुसरे बाजीराव आपल्या फौजेची गत पर्वतीवरूनच पाहात होते असे सांगतात. म्हणजे देव पाठीशी, फौज डोळ्यांसमोर, आणि राज्य गेले. नवस बोलून देवालय बांधणाऱ्या घराण्याचे राज्य ज्या देवाला राखता आले नाही, तो एका मोलकरणीचा नारळ चुकला म्हणून तिच्या नातवाला ताप आणतो, असे मानावयाचे काय? मृत माणसाच्या दुःखाची थट्टा करणे आपल्या धम्मात बसत नाही आणि मीही ती करीत नाही. पुत्रशोक पेशव्यालाही होतो आणि आपल्यालाही होतो, आणि दोघांच्याही दारी देव धावून येत नाही, एवढेच म्हणतो.

आजींचा प्रश्न मात्र कायद्याचा होता, तेव्हा त्याचे उत्तर कायद्यानेच दिले पाहिजे. आजी, शब्द मोडू नये हे खरे. पंचशीलातही खोटे बोलण्यास मनाई आहे. परंतु शब्द द्यावयाचा तो कोणाला तरी. १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे एकाने प्रस्ताव करावयाचा आणि दुसऱ्याने तो स्वीकारावयाचा, तेव्हा करार होतो. तुमचा प्रस्ताव झाला. स्वीकार कोणी केला? त्याच कायद्यात असेही आहे की धाकाने किंवा गैरवाजवी दडपणाने घेतलेली संमती ही खरी संमती नव्हे. अंगात ताप असलेले नातवंड मांडीवर घेऊन मध्यरात्री बोललेला शब्द हा मोकळ्या मनाने दिलेला शब्द होता काय? ह्या व्यवहारात जर कोणाचे देणे राहिले असेल तर ते त्या इस्पितळातील परिचारिकेचे, जिने चौदा रात्री तुमच्या नातवाच्या कपाळावर ओल्या घड्या ठेवल्या. तिला भेटून आभार मानलेत काय, असे मी विचारले. आजी गप्प राहिल्या.

हे झाले आजींचे. आता त्यांच्या चिरंजीवांचे, आणि त्यांच्यासारख्या आपल्या अनेक तरुणांचे. पर्वतीकडे आपल्या माणसाने पाहू नये, असे ते म्हणतात. अहो, आपल्या माणसांनी त्या टेकडीकडे नुसते पाहिले नाही, तिच्या पायऱ्यांवर दगड खाल्ले आहेत! १३ ऑक्टोबर १९२९ रोजी पर्वतीचा सत्याग्रह सुरू झाला. शिवराम जानबा कांबळे त्यात होते, ज्यांनी १९०८ साली 'सोमवंशीय मित्र' हे पत्र काढून मुरळी सोडण्याच्या अनिष्ट चालीविरुद्ध आघाडी उघडली होती. पांडुरंग नथूजी राजभोज होते, जे पुढे १९५२ साली लोकसभेवर निवडून गेले. कांबळे महार, राजभोज चांभार. सांगण्याचे कारण असे की आपल्यातील जाती एकत्र येत नाहीत असे म्हणणाऱ्यांनी ही दोन नावे एका ओळीत वाचावीत. आणि खरे बोलावयाचे तर एस. एम. जोशी यांच्यासारखे ब्राह्मण घरातील तरुणही त्यांच्या बरोबरीने उभे राहिले, हे आपण कृतज्ञतेने लक्षात ठेवले पाहिजे. सनातन्यांनी दगडफेक केली, सत्याग्रही जखमी झाले. सत्याग्रह काही महिने चालला आणि दार न उघडताच थांबला.

लगेच पुढे, २ मार्च १९३० रोजी, नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला आणि तो वर्षानुवर्षे चालला. ह्या लढ्यांचा हेतू काय होता, ह्याविषयी आपल्याच लोकांत गैरसमज आहेत. बाबासाहेबांनी मार्च १९३४ मध्ये भाऊराव गायकवाड यांना लिहिलेल्या पत्रात तो हेतू अगदी स्वच्छ केला आहे. अस्पृश्यांनी मूर्तिपूजक व्हावे म्हणून मी ही चळवळ केली नाही. त्यांना त्यांच्या स्थितीची जाणीव व्हावी आणि त्यांच्यात चैतन्य यावे, म्हणून केली, असा त्या पत्राचा आशय आहे. ते काम झाल्यावर शक्ती शिक्षणाकडे आणि राजकारणाकडे वळवावी, असेही त्यांनी सुचविले. मग १३ ऑक्टोबर १९३५ चा दिवस उजाडला आणि येवल्याची घोषणा झाली. तारीख पाहा. पर्वतीच्या पायरीवर पहिला दिवस १३ ऑक्टोबर, आणि हिंदू म्हणून मरणार नाही हा निर्धार बरोबर सहा वर्षांनी १३ ऑक्टोबरलाच. हा निव्वळ योगायोग असेल. मी ज्योतिष मानीत नाही. पण ज्या दारापुढे आपली माणसे उभी राहिली आणि जे दार उघडले नाही, त्या दाराकडे पाठ फिरवून जी वाट निघाली तीच १९५६ साली नागपूरला पोचली, एवढे तर इतिहासच सांगतो. ती जागा आपल्या वंशावळीतली आहे. ती विसरा असे तरुणांना कोण सांगतो?

आता बाहेरच्या लोकांकडे वळू. त्यांचे दोन प्रकार आहेत आणि दोघेही आपल्याला गोड भाषेत सल्ला देतात.

पहिला म्हणतो : आता मंदिरे सर्वांना उघडी आहेत, पर्वतीवर कोणी जात विचारीत नाही, मग धर्मांतराचे प्रयोजन काय उरले? या, परत या. ह्या सद्गृहस्थांना मी विचारतो, दार उघडले ते कोणी? पुजाऱ्याच्या मनाला पाझर फुटून उघडले काय? मुंबई सरकारला १९४७ साली हरिजन मंदिरप्रवेशाचा कायदा करावा लागला. १९५० साली भारतीय संविधानाच्या सतराव्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली. १९५५ साली अस्पृश्यता गुन्हा अधिनियम आला आणि १९७६ साली त्याचेच नाव बदलून नागरी हक्क संरक्षण अधिनियम झाले. मंदिरप्रवेश अडविला तर एक महिन्यापासून सहा महिन्यांपर्यंत कैद आणि वर दंड, असे लिहून ठेवावे लागले. कैदेच्या भीतीने उघडलेल्या दाराला हृदयपरिवर्तन म्हणत नाहीत. बाबासाहेबांनी १९३३ साली, रंगा अय्यर यांच्या मंदिरप्रवेश विधेयकाच्या वेळीच, नेमके ह्यावर बोट ठेवले होते. ते विधेयक अस्पृश्यतेला पाप म्हणत नव्हते, बहुमत झाले तर दार उघडा एवढेच म्हणत होते. शिवाय उघडले ते काय? उंबरठा उघडला. गाभाऱ्यातील पुजाऱ्याच्या जागेवर कोणी बसावे? लग्नाच्या बोलणीत जातीचा प्रश्न आला की कोणाचा चेहरा पडतो? आजही गावागावांत स्मशाने वेगळी का? ह्याची उत्तरे देऊन मग बोलवावे.

दुसरा प्रकार अधिक धूर्त. तो म्हणतो : तुम्ही बौद्ध झालात, फार उत्तम केलेत. पण मग आता मंदिराशी तुमचा संबंध काय? दूर राहा. ऐकावयास हे तर्कशुद्ध वाटते आणि आपले तरुण ह्याच जाळ्यात सापडतात, कारण त्यांच्याही तोंडी तेच वाक्य असते. परंतु खेड्यातील स्थिती डोळ्यांसमोर आणा. कित्येक गावी ग्रामसभा भरते ती मंदिराच्या सभामंडपात किंवा पारावर. माझ्याकडे एका गावाहून आलेल्या अशिलाला सभेच्या दिवशी हेच ऐकावे लागले होते : तू आता आमच्या देवाचा नाहीस ना, मग मंडपात कशाला चढतोस? त्याला देवाशी कर्तव्य नव्हते. त्याला वस्तीच्या नळपाण्याचा ठराव मांडावयाचा होता. तो खाली उभा राहिला आणि ठराव वरच्या वर झाला. येणेप्रमाणे धर्मांतराची सबब करून जुनी अस्पृश्यता मागल्या दाराने परत येते. म्हणून मी म्हणतो की प्रवेशाचा हक्क हा भक्तीचा प्रश्न नाही, नागरिकत्वाचा आहे. तो आपण वापरो वा न वापरो, सोडावयाचा नाही.

कायदा ह्या बाबतीत काय म्हणतो ते प्रत्येक बौद्ध घरात पाठ असावे. संविधानाच्या पंचविसाव्या अनुच्छेदाने सार्वजनिक स्वरूपाच्या हिंदू धार्मिक संस्था सर्व वर्गांना खुल्या करण्याचा अधिकार राज्याला दिला आहे, आणि त्याच अनुच्छेदाच्या दुसऱ्या स्पष्टीकरणाने त्यापुरता हिंदू ह्या शब्दात शीख, जैन आणि बौद्ध यांचा समावेश केला आहे. १९५५ च्या अधिनियमाच्या तिसऱ्या कलमाखालीही बौद्धधर्मीय व्यक्ती त्या कलमापुरत्या हिंदू मानल्या जातील असे स्पष्टीकरण आहे. म्हणजे तुम्ही बौद्ध आहात ह्या कारणावरून सार्वजनिक मंदिराच्या दारात पूर्वीच्या अस्पृश्याला अडविता येत नाही. पुढे १९९० साली अनुसूचित जातींच्या आदेशात दुरुस्ती होऊन बौद्धांचा समावेश झाला. त्यामुळे त्या अधिनियमाच्या बाराव्या कलमातील गृहीतकाचा लाभही आपल्याला मिळतो. अडविले ते अस्पृश्यतेच्या कारणाने अडविले असे न्यायालय धरून चालेल, तसे नव्हते हे सिद्ध करण्याचा भार अडविणाऱ्यावर.

येथे एक शंका हमखास निघते. परवाच विहारात एका शिक्षकबंधूने विचारले, "म्हणजे कायद्याने आपल्याला पुन्हा हिंदूच केले ना?" नाही. कायद्याचे शब्द नीट वाचा. 'मानल्या जातील' असे आहे, 'आहेत' असे नाही. जे मुळातच असते ते मानावे लागत नाही. जे नसते तेच एखाद्या कामापुरते मानावे लागते. ह्याला दाखला मंदिराचाच देतो. हिंदू देवतेच्या मूर्तीला कायदा व्यक्ती मानतो. तिच्या नावे जमीन असू शकते, तिच्या वतीने दावा लावता येतो. १९२५ साली प्रिव्ही कौन्सिलने हे तत्त्व उचलून धरले आहे. म्हणून काय मूर्ती साक्षीच्या पिंजऱ्यात येऊन शपथ घेते? दगडाला कायदा व्यक्ती मानतो म्हणून दगड माणूस होत नाही. तसाच बौद्धाला एका कलमापुरता कायदा हिंदू मानतो म्हणून तो हिंदू होत नाही. विवाहाचा १९५५ चा कायदाही आपल्याला लागू आहे. तेथेही असाच अर्थ घ्यावयाचा. आपल्यासाठी स्वतंत्र विवाह कायदा असावा ही मागणी योग्यच आहे, परंतु तो विषय वेगळा आणि त्यावर स्वतंत्र लिहावे लागेल.

तर, आम्ही गेलो. सोमवार टाळला, कारण नवसाच्या दिवशी गेलो असतो तर शेजारच्या बाईंनी त्याचा अर्थ आपल्या मनासारखा केला असता. आदल्या रविवारी सकाळी सातला निघालो. आजी, चिरंजीव, सूनबाई, तापातून उठलेला नातू आणि मी. मुलाचा ताप दोन गोळ्यांत आणि तीन दिवसांत उतरला होता. पायऱ्या रुंद आहेत, चढताना दम लागतो. व्यायामासाठी येणाऱ्यांची गर्दी होती. वर कोणी अडविले नाही, कोणी जात विचारली नाही. जे आहे ते सांगितले पाहिजे. आम्ही आत गेलो, नक्षीकाम पाहिले, पंचायतनाची चार लहान मंदिरे पाहिली, पेशव्यांच्या वस्तूंचे संग्रहालय पाहिले. सूनबाईंनी एका पाटीवरील मजकूर मोठ्याने वाचून दाखविला. त्यांचे शिक्षण सातवीपर्यंतचे, पण वाचन स्वच्छ. चिरंजीव प्रथम दाराबाहेर उभे होते. मी म्हटले, ज्या उंबरठ्यासाठी राजभोज झगडले तो तुम्ही न ओलांडताच परत जाणार काय? मग तेही आत आले.

गाभाऱ्यासमोर आजींचे हात सवयीने छातीपर्यंत आले. चिरंजीव काही बोलणार तोच मी त्यांना खूण केली. साठ वर्षांची सवय दोन वर्षांत जात नाही, आणि भर मंदिरात आईचा हात धरून खाली ओढणे हे शीलात बसत नाही. आजींनीच मग हात खाली घेतले आणि मला विचारले, "ते दगड कुठल्या पायरीवर पडले हो?" नेमकी पायरी मला सांगता आली नाही. तेवढी नोंद तेथे असावी, पेशव्यांच्या चित्रांइतकीच ठळक असावी, आणि ती मागण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे, असे मी त्यांना म्हटले. तसा अर्ज संबंधितांकडे करण्याचा मसुदा मी तयार केला आहे. ज्यांना त्यावर सही करावयाची असेल त्यांनी आपले नाव व वस्ती विहाराच्या कार्यवाहांकडे द्यावी.

उतरल्यावर आजींनी आम्हा सर्वांना चहा पाजला. पैसे कमरेच्या पिशवीतून काढले. ते नारळाचे होते की कसे, मी विचारले नाही. दुसऱ्या दिवशी त्या नातवाला घेऊन इस्पितळात त्या परिचारिकेला भेटून आल्या, असे चिरंजीवांकडून कळले. तिची बदली झाली होती. आता तिचा पत्ता शोधणे चालू आहे.

येत्या १३ ऑक्टोबरला सकाळी सात वाजता मी पर्वतीच्या पायथ्याशी, पहिल्या पायरीजवळ, उभा राहणार आहे. नवदीक्षित कुटुंबांनी मुलाबाळांसह यावे. नारळ, फुले, हळदकुंकू आणू नये. घोषणा देऊ नयेत. वर पूजेला आलेल्या कोणाच्याही भावनेला धक्का लागेल असे वागू नये. नागरी हक्क संरक्षण अधिनियमाची तिसरी, चौथी आणि बारावी कलमे मराठीत छापून मी बरोबर आणीन आणि वर बसून ती वाचून दाखवीन. खेड्यांतून येणाऱ्यांनी आपल्या गावची ग्रामसभा कोठे भरते आणि तेथे आपल्याला कोठे बसावे लागते, हे कागदावर लिहून आणावे. वृद्धांनी सावकाश चढावे, पाण्याची बाटली जवळ ठेवावी. दुसऱ्या दिवशी धम्मचक्र प्रवर्तनाचा वर्धापनदिन आहे. ज्यांना नागपूरची गाडी पकडावयाची आहे त्यांनी तसे आधी कळवावे, म्हणजे नऊपर्यंत खाली उतरता येईल.